मनगटावरचा मळ

सरका जरा पुढे, माउली, मागे ऐकू यायचं नाही. एका मनगटाची गोष्ट सांगतो. मळकट आहे, पण सांगतो.

रविवारी दहाच्या ठोक्याला मुलगा आला. ‘बरं आहे ना’ असं पलंगाकडे बघून म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता बाबांच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ सोडवायला बसला. उत्तर येणारही नव्हतं म्हणा. बाबांची वाचा गेली होती, डावं अंग लुळं पडलं होतं. त्यांना सांभाळायला एक मावशी त्यांच्याजवळच राहत होती.

या मुलाला एकच नाद. जुन्या धर्तीची घड्याळं सुटे भाग आणून जोडायची आणि ती चाळीस-पन्नास वर्षं वापरल्यासारखी म्हातारी करायची. तबकडी चहाच्या पाण्यात बुडवून भट्टीत शेकायची, काट्यांना मिठाच्या पाण्याने गंज चढवायचा. मावशी तोंडावर त्याला दादा म्हणे. मनात मात्र घड्याळ्या.

आज पहिलाच रविवार होता. मागच्या आठवड्यात त्याने कोरं घड्याळ बाबांच्या हाताला बांधलं होतं आणि आंघोळीलासुद्धा काढायचं नाही म्हणून बजावलं होतं. आता भिंग डोळ्याला लावून त्याने चामडी पट्टा उलटा केला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. काहीच झालं नव्हतं. पट्टा जसाच्या तसा होता.

“सैल राहिला असेल,” तो म्हणाला आणि पट्टा आणखी एक भोक आवळून बांधला. बाबांच्या कागदासारख्या कातडीवर तांबडा वळ होता, तो त्याला दिसला. त्यावर पावडर लावा, म्हणाला.

मावशीला राहवलं नाही. “दादा, स्वतःच्या हातावर का नाही घालत?”

“माझ्या घामाला किंमत नाही, मावशी,” तो हसून म्हणाला. “चहाने रंग येतो, मिठाने गंज येतो. वापरल्याचा मळ मात्र माणसाचाच लागतो.”

तो गेला. बाबांनी उजव्या हाताची दोन बोटं उचलून डाव्या मनगटावर ठेवली आणि मावशीकडे पाहिलं. “कळलं हो, बाबा,” ती म्हणाली आणि तिने दार लोटून घेतलं.

त्यानंतर घड्याळ्याचं काम झकास चाललं. पट्टा काळवंडला, भोकांभोवती मळाचा चिकटा धरला. दर रविवारी तो टाचणीने भोकातला मळ थोडा उकरी, नखावर घेऊन भिंगाखाली धरी, हुंगे, आणि लेकराचा पहिला दात दिसावा तसा खुलून जाई. भर उकाड्यातही मावशी रविवारी लांब बाह्यांचं पोलकं घालून कोपऱ्यात उभी राही आणि तोंडावर पदर धरी. कसाई बरा, तिला वाटे, तो जनावर एकदाच कापतो.

बाबांचा वळ हळूहळू गेला. “बघा, कातडी सरावली,” घड्याळ्या म्हणाला.

एकदा मात्र तो काचेवर अडला. चरे पडले होते, बारीक आणि पुष्कळ. अंथरुणावर पडून इतके चरे कसे, म्हणून त्याने विचारलं. पलंगाच्या कठड्याला हात घासतो, असं मावशीने सांगितलं. आणि साबणाचा वास? रोज अंग पुसते ना, ती म्हणाली. त्याला ते पटलं. उलट चरे फार छान आलेत म्हणाला.

चार महिन्यांनी ते घड्याळ डबीत गेलं आणि अगदी तसंच दुसरं, कोरं, मनगटावर चढलं. मग तिसरं. त्याला फोनवर कुणाला तरी सांगताना मावशीने ऐकलं, मागणी चार जणांची आहे, घाई करून चालायचं नाही. म्हणजे बापाचा घाम विकतोय मेला. जेवण उष्टं सोडून ती उठली. नोकरी सोडायचं दोनदा मनात आलं, पण बाबांची ती दोन बोटं आठवली की पाय निघेना.

चौथं घड्याळ पुरं झालं आणि पंधरा दिवसांत बाबा गेले.

आठवड्याने चौघं भावंडं त्याच खोलीत जमली. थोरली, घड्याळ्या, धाकटा भाऊ आणि शेंडेफळ बहीण. रिकाम्या पलंगावर त्याने चार डब्या मांडल्या. बाबांना झटका आला त्या दिवशी दवाखान्यात त्यांच्या हातातलं घड्याळ हरवलं होतं. नोकरीला लागल्यापासून त्यांनी ते उतरवलं नव्हतं. आणि चौघांनाही आठवण म्हणून तेच हवं होतं.

“हुबेहूब तसं बनवणं माझ्या हातात होतं,” घड्याळ्या खाली बघत म्हणाला. “बाबांनी घातलेलं बनवणं नव्हतं. म्हणून मी त्यांना त्रास दिला.” त्याने तिघांपुढे एकेक डबी सरकवली.

मावशी भिंतीला टेकली. सोळा महिने जिभेवर धरलेली शिवी तिने गिळली.

शेंडेफळाने आपल्या डबीतलं घड्याळ काढलं, काळा पट्टा नाकाशी धरला आणि पलंगावर बसून रडायला लागली. बाबा कामावरून आले की असाच वास यायचा, म्हणाली. थोरलीनेही हुंगला. तिनेही डोळे पुसले. मग शेंडेफळाने पट्टा मावशीपुढे धरला.

“शेवटपर्यंत तुम्ही होतात त्यांच्यापाशी. त्यांचाच ना हा वास?”

मावशीने बाही खाली ओढली.

“हो गं पोरी,” ती म्हणाली. “त्यांचाच.”

कधी घड्याळ उतरवलंत, तर त्याखाली राहिलेला फिकट पट्टा बघा, माउली, आणि त्या मावशीची आठवण ठेवा. तसा पट्टा तिच्या डाव्या मनगटावर अजून आहे, आणि तिने जन्मात स्वतःचं घड्याळ घेतलेलं नाही.