नुसता दाखवा

कागद लावण्यात तुरुंगाच्या हेडक्लार्कचा हात धरणारं कोणी नव्हतं. ‘माझ्या मुलाला कोर्टापुढे हजर करा’ असा एका कैद्याच्या आईचा अर्ज आला, तेव्हा सगळ्या ऑफिसचं धाबं दणाणलं. हे महाशय मात्र निकालाची प्रत, शिक्षेचं वॉरंट, शिक्के, सह्या असं सगळं फायलीत ओळीनं टाचून सुनावणीला गेले.

न्यायाधीशांनी वॉरंट वाचलं. “बाई, तुमच्या मुलाला रीतसर शिक्षा झाली आहे. कोणाला बेकायदा डांबून ठेवलं असेल, तरच हा अर्ज चालतो.”

“साहेब, त्याला सोडा असं कुठं म्हणतेय मी?” म्हातारी म्हणाली. “महिना झाला, भेट देत नाहीत. एकदा नुसता दाखवा.”

“कागद चोख आहेत. माणूस बघायची गरज नाही. अर्ज फेटाळला.”

जिन्यात तिनं हेडक्लार्कना गाठलं आणि पिशवीतून इस्त्री केलेला शर्ट काढला. “आज त्याला आणतील म्हणून घेऊन आले होते. द्याल ना?”

“आजच्या आज त्याच्या अंगावर जाईल, मावशी.”

गृहस्थ शब्दाचे पक्के. तुरुंगात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी शर्ट शिपायाच्या हातात दिला.



“बर्फ काढा, हा चढवा अंगावर, आणि डॉक्टरांना म्हणावं, मृत्यूच्या दाखल्यावर आता खुशाल आजची तारीख टाका.”