गाळाचा रकाना

खनिज परदेशी पाठवायला नवं बंदर कुठे बांधावं, हे ठरवायला आलेल्या इंजिनीअरबाईंना ही तिसरी खाडी पाहताक्षणीच पसंत पडली. पाणी चांगलं खोल होतं, मोठी जहाजं थेट काठाला लागली असती. प्रश्न एवढाच होता, की तळाला गाळ किती साचतो. त्यांनी होडीवाल्या काकांना विचारलं.

काकांनी इंजिन बंद केलं. "नाही साचत. भरतीनं आणलेलं ओहोटी उचलून नेते."

"इतक्या खात्रीनं कसं सांगता?"

"माझी लेक इथंच बुडाली, ताई. सतरा दिवस बुड्या मारून तळ चाचपत होतो. वाळूशिवाय हाताला काही लागलं नाही."

काकांनी इंजिन पुन्हा सुरू केलं आणि होडी काठाला आणली. उतरताना काकांनी त्यांना हात दिला.

"बंदर झालं तरी मला तिथवर येऊ देतील ना?"

बाईंनी नुसती होकारार्थी मान हलवली.

त्या रात्री बाई अहवाल लिहायला बसल्या. गाळाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'साचत नाही. स्थानिक माणसाकडून खात्री केली आहे. जागा योग्य.'