पुसलेले हुंकार

गयानाच्या पाकाराइमा डोंगरात एक म्हातारी पातामोना भाषेत गोष्ट सांगत होती आणि शेजारी बसलेली तिची नात प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होती. ते रेकॉर्डिंग स्वच्छ करायला नारायण पेठेतल्या आमच्या ऑफिसात आलं. नातीचे हुंकार मला निव्वळ गोंगाट वाटले. मी ते कापले आणि मूळ फाइल पुसून टाकली.

आज दुपारी नातीचा निरोप आला. आजी वारली होती. गोष्ट ऐकायला सगळं गाव जमणार होतं, म्हणून तिला रेकॉर्डिंग हवं होतं.

"पाठव की आहे ती फाइल," शेजारच्या टेबलावरचा विश्वजीत म्हणाला. "हुंकार हवेच असतील तर आपल्या मीटिंगमधले दे. तिथे दुसरं काही मिळतच नाही."

मला हसू आलं नाही. मी हेडफोन लावून फाइल सुरू केली. पहिलं वाक्य बोलून म्हातारी थांबली. मागे धबधबा वाजत राहिला, पण ती बोलेना. पुन्हा लावलं, तर पुन्हा तिथेच थांबली. पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात मात्र तिची पुढची वाक्यं स्पष्ट दिसत होती.

विश्वजीतला ऐकू जाणार नाही इतक्या हळू मी म्हणाले, "हं."

ती पुढे बोलू लागली.

एक शब्दही कळत नसताना मी शेवटपर्यंत हुंकार देत राहिले. गोष्ट संपली, फाइलही संपली. मग मला राहवेना.

"आजी, तुमच्या नातीचा आवाज मी पुसला," मी पुटपुटले.

संपलेल्या फाइलमधून, म्हातारीच्याच आवाजात, आलं, "हं."