गाठ, मणी, गाठ, मणी
मैनीबाई पाच कोस जंगल तुडवून आलापल्लीकडच्या दवाखान्यात आली, की डॉक्टर नाडी धरून म्हणत, "ताप कुठे आहे? कामाचा कंटाळा आलाय तुला." तीन खेपा अशाच वाया गेल्या.

चौथ्या खेपेला तिनं टेबलावर दोरी ठेवली. लग्नाला उरलेले दिवस मोजायला तिच्या गावात दोरीला गाठी मारत, तशीच ही. तापाच्या दिवसाची गाठ, बऱ्या दिवसाचा मणी.

"डाक्टरभाऊ, ताप असला की मले चालता येत नाई. बरं वाटते त्याच दिवशी मी येते. मंग तुमाले ताप दिसन कसा?"

डॉक्टरांनी दोरीवरून बोट फिरवलं. गाठ, मणी, गाठ, मणी. महिनाभर एकाआड एक, हिवतापाची चाल. ते उठले आणि त्यांनी कोयनेलच्या गोळ्या काढल्या.

पुढच्या महिन्यात ती ओंजळभर चारोळी आणि नुसत्या मण्यांची दोरी घेऊन आली. "तुमच्या गोळीनं उभी झाली, भाऊ."

डॉक्टरांनी चारोळी कपाळाला लावली, दोरी समोरच्या खिळ्याला टांगली, आणि पुढच्या म्हाताऱ्याची नाडी धरायच्या आधी त्याला म्हणाले, "बाबा, आधी तुम्ही सांगा."