नुसती कढी

म्हातारा परातीत वाकून पाहत होता आणि त्याच्यामागची रांग चिडत चालली होती.

“हे काय हाय?”

“आलुबोंडा,” ओमप्रकाश म्हणाला.

“अन् ते?”

“शिरा. मंगाशीच सांगतलं ना, काकाजी.”

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यासमोर ओमप्रकाशची नाश्त्याची गाडी होती. सकाळी वॉर्डाचं दार थोडाच वेळ उघडायचं, तेवढ्यात पेशंटचं खाणं आत न्यावं लागे. त्यामुळं सगळ्या रांगेला एकच घाई. शकीला म्हाताऱ्याच्या मागेच उभी होती. आत तिची उज्मा एकटी होती. ताप उतरून पोरीनं कालच जरा डोळे उघडले होते, आणि गोळी उपाशीपोटी देऊ नका, असं नर्स बजावून गेली होती. शकीलाला फक्त इडली हवी होती. पण म्हातारा हलेल तर.

त्यानं पोहे मागितले. ओमप्रकाशनं कागदावर पोहे घेतले, तर म्हणाला, “राहू द्या. शिरा द्या.” शिऱ्यात उलथनं घातलं, तर, “थांबा जरा. गोड नाही चालन वाटते.”

“काकाजी, घ्याचं असन तं घ्या, नाही तं बाजूले व्हा,” शकीला म्हणाली. “माही पोरगी एकटी हाय अंदर.”

तो वळला. चिडला नव्हता. “तुमीच सांगा, बाई. बायामाणसाइले काय आवडते?”

मागं कुणीतरी हसलं.

“कोणासाठी पायजे?”

“माह्या मंडळीसाठी.”

“मंग त्यायलेच पुसा ना.”

“पुसलं. तुमाले आवडन ते आणा म्हणते.” त्यानं पुन्हा गाडीकडं पाहिलं. “औषध घेतलं होतं तिनं. कपाशीवरचं. आज डॉक्टर म्हणले, पातळ काही देऊन पाहा.”

नापिकीच्या त्या सालात दवाखान्यात हे शब्द रोजच कानावर पडायचे, त्यामुळं रांगेची घाई काही कमी झाली नाही. “लवकर करा, बाप्पा,” मागून आवाज आला.

शकीला मात्र त्याच्याजवळ सरकली. “गोदाबाई का? खिडकीजवळची खाट?”

“हो.”

म्हणजे हा सूर्यभान. गोदाबाईची खाट उज्माच्या शेजारीच होती. तिच्याजवळ एवढे दिवस वलगावची बहीण बसायची. त्या बहिणीच्याच तोंडून शकीलानं हे नाव ऐकलं होतं. नवरा पोलिसांच्या जबाबात आणि घरच्या ढोरावासरांत अडकला होता, तो आज, शकीला पाणी भरायला गेली तेव्हा, बहिणीच्या जागी आला असावा. बहिणीचा डोळा लागला की गोदाबाई शकीलाशी बोलायची. घसा सोलून निघाला होता तरी बोलायची. औषध का घेतलं, ते तिनं सांगितलं नाही आणि शकीलानं विचारलं नाही. बोलायची ती माहेरचं. अंजनगावचे पानमळे, विहिरीवरची बदामाची सावली, आईच्या हातची कढी.

“कढी न्या,” शकीला म्हणाली. “नुसती कढी.”

“कढी बोंड्यासंग भेटते,” ओमप्रकाश म्हणाला. “वेगळी नाही देत.”

“मंग बोंडा ठेव अन् कढी दे.”

“असं सगळेच मांगतीन तं मी बोंडे कशासंग देऊ?”

“दे ना, भाऊ. मिरची काढून दे.”

आता रांग तिच्यावर चिडली. बाई, तुमचं काय ते आटपा, असं दोघंतिघं म्हणाले. ती जागची हलली नाही. ओमप्रकाशनं पातेलं ढवळलं, मिरच्या बाजूला सारल्या आणि सूर्यभानच्या डब्यात कढी ओतली.

सूर्यभान डबा धरून तिथंच उभा राहिला.

“तिनं सांगतलं तुमाले?”

“हो.”

“घरी त नेहमीच होते कढी,” तो म्हणाला. “तिनं ताटात घेतलेली म्या कधी पायली नाही.”

यावर शकीलाला पुष्कळ बोलता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, “थंडी करून द्या. गरम नका देऊ.”

ती इडली घेऊन पळत आली, तेव्हा तो वॉर्डाच्या पायरीवर बसून डब्यात फुंकर घालत होता. शिपायानं दाराला हात घातला होता. “चला, काकाजी, दार लावून राहिले,” म्हणत तिनं त्याला आत घेतलं.

उज्मा जागीच होती. शकीला पाठमोरी बसून तिला इडलीचे घास भरवू लागली, पण कान मागं होते. चमचा डब्यावर वाजला. गोदाबाईनं घोट गिळला, कण्हली. थोड्या वेळानं पुन्हा चमचा वाजला.

“शकीला,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तू सांगतलं?”

“नाही, मावशी. त्यायनंच आणली.”

“थंडी आणली. मले थंडी आवडते, हे यायले कुठं मालूम हाय?”

शकीलानं मान वर केली नाही. डबा मांडीवर ठेवून सूर्यभान त्यात पाहत बसला. शिपाई पुरुषमाणसांना बाहेर काढत काढत त्यांच्या खाटेपर्यंत आला, तेव्हा कुठं तो उठला. उरलेली कढी उशाशी ठेवली, डब्यावर झाकण लावलं.

“अजून काय आवडते तुले?”

गोदाबाईनं तोंड खिडकीकडं फिरवलं. शिपायानं त्याच्या खांद्याला हात लावला. सूर्यभान दारापर्यंत गेला. ती बोलणार नाही, असंच शकीलाला वाटलं.

“उद्या पुसजा,” गोदाबाई म्हणाली.