देवीभोवतीची वाट

श्रीरंगनं नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि उडू नये म्हणून दोन कोपऱ्यांवर बशा ठेवल्या. नकाशे काढणं हेच त्याचं पोट. दिल्लीत सरकारी खात्यात तो ड्राफ्ट्समन होता. पण बहिणीच्या नवऱ्यासाठी काढलेल्या या एका कागदावर त्यानं जितका जीव ओतला, तितका नोकरीत कधी ओतला नव्हता.

"भाऊजी, इथून सरोजिनी नगरहून सकाळी सहाला सायकलींवर निघायचं. आधी मेहरौली, कुतुबमिनार. मग शेतांमधून तुघलकाबादचा किल्ला. तिथून ओखल्याचा कालवा, हुमायूनची कबर, आणि पाचला परत घरी. पंचेचाळीस किलोमीटर."

विश्वासनं चष्मा वर सरकवला. "आधी मेहरौलीच का?"

"चढ सकाळी, ताज्या पायांनी मारलेला बरा."

"अच्छा."

"आणि कालकाजीचं देऊळ बरोबर मध्ये येतं. अष्टमीच्या दिवशी सगळी फेरी देवीभोवती होईल."

मासा गळाला लागला. विश्वासला किल्ले आणि कबरींचं सोयरसुतक नव्हतं, पण देवाधर्माचं नाव काढलं की स्वारी फुलायची. "बिल्कुल. मी येतो," तो म्हणाला.

श्रीरंगची बहीण सुहासिनी हिनं चहा आणला, डाव्या हातानं. उजव्या मनगटाला प्लास्टर होतं.

जावई हा दहावा ग्रह, असं आई म्हणायची. पण या जावयापुढे उरलेले नऊ बापडे गरीबच म्हणायचे. शर्ट जळला म्हणून यानं सुहासिनीच्या पाठीवर गरम इस्त्री टेकवली होती. एकदा जिन्यावरून ढकललं होतं. चौकीवरच्या हवालदारानं "घर का मामला है" म्हणून हात झटकले. आणि गेल्या महिन्यात मराठी मंडळाच्या गणपतीला ती मैत्रिणीशी बोलता बोलता मूर्तीला चुकीच्या बाजूनं वळसा घालून आली. घरी आल्यावर त्यानं आतून कडी लावली. "उलटी प्रदक्षिणा घालतात का गं?" असं अगदी शांतपणे विचारलं आणि हाड मोडेपर्यंत मनगट पिरगाळलं.

"श्री, पुढच्या वेळी मी वाचणार नाही रे," ती धाकट्या भावाला म्हणाली होती. ती रडत नव्हती, आणि श्रीरंगला त्याचीच धास्ती वाटली. त्या रात्री त्याला झोप आली नाही. सकाळी तो नकाशा काढायला बसला.

तीन रविवार तो सगळा रस्ता, कालकाजीचं देऊळ डाव्या हाताला ठेवत, पायाखाली घालून आला. तेव्हा मेहरौलीच्या पलीकडे बाजरीची शेतं होती. किल्ल्याच्या जरा अलीकडे एक कच्ची वाट दगडाच्या खाणीच्या कडेनं खाली उतरे. उतार संपतो तिथं पडकी भिंत आणि काटकोनात वळण. सायकलवाल्याला तिथं ब्रेक दाबून मान खाली घालावीच लागे. भिंतीआड उभ्या माणसाला एकच घाव पुरे. मग सायकलीसकट खाणीत ढकललं की काम झालं. घसरला बिचारा, असं चार लोक म्हणाले असते.

तिसऱ्या रविवारी त्यानं मंडईतून एक कोहळा नेला, भिंतीवर डोक्याच्या उंचीला ठेवला आणि लोखंडी गज मारला. कोहळ्याचा गर त्याच्या तोंडावर उडाला. दुसरा घाव घालावा लागला नाही. त्याला स्वतःची किळस आली, आणि समाधानही वाटलं.

सप्तमीला त्यानं गुडघा धरल्याचं सोंग केलं. "तुम्ही एकटेच जा, भाऊजी. मी बसनं किल्ल्यावर जेवण घेऊन येतो. बाराला भेटू."

"चलो, ठीक," विश्वास म्हणाला. नकाशा त्यानं नीट घडी करून खिशात ठेवला. मग सुहासिनीकडे वळला. "तिखट कमी घाल. मागच्यासारखं करू नकोस."

तिनं मान खाली घातली. श्रीरंगला गजाचं वजन हातात जाणवलं.

अष्टमीला तो अकरालाच भिंतीआड येऊन उभा राहिला. सुट्टी असल्यानं खाण बंद होती, दूरवर चिटपाखरू नव्हतं. जेवणाचा डबा त्यानं सावलीत ठेवला, गज पाठीमागे भिंतीला टेकवला आणि भिंतीच्या भेगेतून उताराकडे डोळा लावला. हिशेबानं विश्वास तिथं साडेअकराला यायचा.

साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. उतारावर धूळसुद्धा उडाली नाही.

श्रीरंगनं पुन्हा घड्याळ पाहिलं. भाऊजी निघालेच नसतील तर? भाजी तिखट झाली असेल, आतून कडी लागली असेल, आणि आपण इथं उन्हात भुतासारखे उभे. ताई घरी एकटी होती. तिची एवढी काळजी त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

तेवढ्यात सायकलचं चाक फिरल्याची बारीक कटकट ऐकू आली. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं श्वास रोखला आणि उताराकडे पाहिलं. उतार मोकळाच होता.

कटकट थांबली. उताराकडची नजर न काढता त्यानं गजासाठी हात मागे नेला. बोटांना नुसती भिंत लागली. त्यानं हात इकडे फिरवला, तिकडे फिरवला.

किल्ल्याच्या बाजूनं, अगदी त्याच्या पाठीशी, कुणीतरी शांतपणे विचारलं, "उलटी प्रदक्षिणा घालतात का रे, श्रीरंग?"