माशांच्या खोलीतलं ऊन

"वायर जरा खाली सोड," भास्करराव स्टुलावरून म्हणाले. "अजून. झोळीसारखी लोंबू दे."

मधुमतीने वायर सोडली. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळीच्या तळाशी येऊन खाली टपकतं, प्लगपर्यंत पोचत नाही, हे त्यांचं तिला सकाळपासून दोनदा सांगून झालं होतं. बँकेत जन्म गेलेला माणूस. एकदा सांगून त्यांचं समाधान होत नसे.

लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या त्या भाड्याच्या घरात मागची खोली माशांची होती. लोखंडी रॅकवर एकावर एक टाक्या, प्रत्येक टाकीवर ट्यूबची पट्टी. पट्ट्या जवळजवळ फुकटच मिळालेल्या. बँकेने एलईडी लावले, जुनं सगळं भंगारात काढलं, ते यांनी उचलून आणलं. पण फुकटचं म्हणून हयगय नाही. पाणी आणि ट्यूब यांच्यामध्ये काचेचं झाकण, रॅकला अर्थिंग, भिंतीवर वीज कुठे जरा गळली की सगळं बंद पाडणारा स्विच.

"एवढं कशाला?" ती म्हणाली. "इतकी वर्षं कुठे काय झालं?"

"माझा हात सरावलाय गं. दुसऱ्या कुणाचा लागला तर? एकदाचं पक्कं करून टाकतो."

पक्कं हा शब्द तिला टोचला.

ते रिटायर झाले की साताऱ्याला जायचं, असं ठरलं होतं. सासूबाई होत्या तोवर ती तिथे आणि हे इथे. सासूबाई गेल्या आणि ती गेल्या वर्षी लखनौला आली, ती पाहुण्यासारखी, चार दिवसांचे कपडे घेतल्यागत. रिटायरमेंट झाली, दिवाळी गेली, संक्रांत गेली. भास्करराव साताऱ्याचं नाव काढत नव्हते. तीही विचारत नव्हती. मागून मिळालेल्या गोष्टीची तिला चवच लागत नसे.

आणि तिकडे धाकट्या बहिणीच्या, अनघाच्या, शेजारचं घर विकायला निघालं होतं. दारात उभं राहिलं की अजिंक्यतारा दिसतो, असं घर. मालक ओळखीचे, म्हणून रविवारपर्यंत थांबायला तयार झाले होते. तिने हे भास्कररावांच्या कानावर घातलं, तर ते नुसतं "बघू" म्हणाले.

ट्यूबच्या टोकांना घालायच्या रबरी टोप्या कमी पडल्या, तेव्हा तीच निशातगंजच्या बाजारात गेली. ऊन बरेच दिवस दिसलं नव्हतं. धुक्यातून रिक्षा अचानक उगवत होत्या आणि तशाच विरघळत होत्या. माशांच्या दुकानात अच्छन मियाँनी तिला स्टूल पुढे केलं.

"साहब बड़ी मेहनत कर रहे हैं, भाभीजी."

"हाँ, लाइट लगा रहे हैं. इतना सब किसलिए, पता नहीं."

"आपको बताया नहीं?" अच्छन मियाँनी आवाज खाली आणला. "साहब तो अपना काम बढ़ा रहे हैं. इतवार को हमने गाड़ी भी कर दी है. लेकिन हमारा नाम न लीजिएगा. शायद आपको चौंकाना चाहते हों."

ती मान हलवून उठली. परतताना पायाखालचा रस्ता तिला नीटसा दिसत नव्हता, आणि सगळा दोष धुक्याचा नव्हता. काम वाढवताहेत. रविवारी गाडी भरून टाक्या येणार. म्हणजे "बघू" म्हणजे नाही.

दुपारी भास्कररावांनी तिला खोलीत बोलावलं आणि बटण दाबलं. ट्यूब चाचरत, लुकलुकत लागल्या. खिडकीबाहेर पांढरं, काहीच नसलेलं जग, आणि आत हिरवट कोवळं ऊन पडलेलं. पाणवनस्पती हलकेच डुलत होत्या. मासे एकेक करून उजेडात येत होते, झोपेतून उठल्यासारखे. भास्करराव काचेला कपाळ टेकून उभे होते. डोळे भरले होते त्यांचे. आपल्याकडे या माणसाने असं कधी पाहिलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि हसूही आलं.

खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. सासूबाईंचं ती करत राहिली, तेवढी वर्षं हा माणूस इथे डबा खाऊन, या मुक्या जिवांशी बोलत एकटा राहिला होता. तिला त्याची फार माया आली. सातारा नसला तर नसला.

स्वयंपाकघरात जाऊन तिने अनघाला फोन लावला. "ते घर दुसऱ्यांना देऊ देत. आमचं काही जमत नाही."

"ताई, रडतेस का?"

"छे गं. इथली थंडी. सर्दी झालीय."

शनिवारी अनघाचा निरोप आला. घर गेलं, घेणाऱ्यांनी पेढेही वाटले. मधुमतीने तो वाचला आणि भाजी चिरायला बसली. भास्कररावांना यातलं काही सांगायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

रविवारी टेम्पो आला. रिकामाच. अच्छन मियाँनी मासे पिशव्यांत भरले, त्यांच्या माणसांनी टाक्या उचलल्या, पट्ट्या वायरींसकट अलगद उतरवल्या, शेवटी रॅक नेला. जुनं सगळं देऊन टाकताहेत तर, तिला वाटलं. टेम्पो गेला. खोली एकदम मोठी झाली.

"नवीन टाक्या कधी येणार?" तिने विचारलं.

"कसल्या नवीन?"

"तुम्ही काम वाढवताय ना? अच्छन मियाँच म्हणाले, साहब बढ़ा रहे हैं."

भास्करराव मोठ्याने हसले. "अगं, इथे दुकान बंद केलं असं कुणी म्हणत नाही. अशुभ वाटतं. बढ़ा दिया म्हणतात. आपल्याकडे बांगडी फुटली की वाढली म्हणतात ना, तसं."

भास्कररावांनी हात झटकले, खिडकी उघडली आणि खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे धरला.

"मासे सुखरूप जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं ठरवलं होतं. आज रविवार ना? लाव अनघाला. म्हणावं, ते घर आमचं."